‘वितरित’, ‘बद्ध’ आणि कॅलबिंडिन

लेखणी
भाषांतरात एक वाक्य अडलंय: ‘कॅलबिंडिन हे कॅल्शियम-बद्ध प्रथिन प्राण्यांच्या ऊतींमध्ये विस्तृत प्रमाणात वितरित झालेले असते.’ ‘वितरित’ म्हटलं की कुणीतरी वाटप करतंय असं वाटतं. दुसरा शब्द?

रानवाटा
‘आढळ’. पक्ष्यांचा आढळ म्हणतोच की.

काचपट्टी
आढळ चालेल, पण आधी ‘बद्ध’ काढा. कॅल्शियम-बद्ध म्हणजे ज्याला कॅल्शियम आधीच जोडलेलं आहे ते. कॅलबिंडिन मोकळंही असतं. प्रथिन ऊतीत कुठे आहे ते त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी (अँटीबॉडींनी) रंगवून शोधतात, आणि काही प्रतिपिंडं अशा प्रथिनांचं फक्त बद्ध रूप नीट ओळखतात. द्रावणात ईडीटीए हे कॅल्शियम पकडणारं रसायन असेल तर ते कॅल्शियम ओढून घेतं आणि प्रथिन जागेवर असूनही खूण उमटत नाही. हा फरक सांगायला ‘बद्ध’ राखून ठेवावा लागतो. इथे ‘कॅल्शियम-बंधक’ हवं.

रानवाटा
बंधक म्हणजे गहाण किंवा ओलीस. ‘कॅल्शियमग्राही’ लिहा.

काचपट्टी
ग्राही रिसेप्टरसाठी, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनासाठी वापरतात. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर कॅल्शियमचा रिसेप्टर खरोखरच असतो, मग त्याला काय म्हणणार?

व्युत्पन्न
शालेय पुस्तकांत ‘ऊती’, विश्वकोशात ‘ऊतक’. दोन्ही ‘वे’ म्हणजे विणणे या धातूपासून. ‘ओतप्रोत’मधला ओतही तिथलाच. मला ऊतक बरा वाटतो, अनेकवचन निःसंदिग्ध होतं.

खडूस
मग दूध ऊत येऊन सांडतं, तेही विणलेलंच! सरळ टिश्यू लिहा, सगळ्यांना कळतं.

व्युत्पन्न
तो ऊत उतू जाण्यातला. आणि टिश्यू हा मूळ फ्रेंच शब्दही विणलेलं कापडच सांगतो, तेव्हा सुटका नाही.

काचपट्टी
ऊती घ्या नाहीतर ऊतक, वाक्य तरीही ढोबळच राहणार. कॅलबिंडिन नावाची दोन प्रथिनं आहेत. १९६६ साली वासरमन आणि टेलर यांना कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात ड जीवनसत्त्वामुळे तयार होणारं जे प्रथिन मिळालं, ते सुमारे २८ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). सस्तन प्राण्यांच्या आतड्यात मात्र ९ किलोडाल्टनचं असतं. ते २८चा तुकडा नव्हे, वेगळ्याच जनुकाचं. उंदरांच्या गर्भाशयातही हेच ९चं, आणि तिथे त्याची सूत्रं इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या हाती. सस्तनांत २८चं प्रथिन मूत्रपिंडात आणि मेंदूत सापडतं. मेंदूतलं ड जीवनसत्त्वावर अवलंबून नसतं.

त्यातही ‘मूत्रपिंडात आढळते’ म्हणणं अपुरं. छेद (ऊतीचा पातळ काप) रंगवला की मूत्रपिंडातल्या दूरस्थ, म्हणजे शेवटाकडच्या नलिका गडद होतात, त्यांना खेटून असलेल्या समीपस्थ, म्हणजे सुरुवातीकडच्या नलिका कोऱ्या राहतात. ऊतीपेक्षा पेशीचं नाव द्या.

रानवाटा
म्हणजे आढळच! न आढळणं आणि नसणं यांत फरक असतो.

काचपट्टी
तो तर इथे फारच. हे प्रथिन पेशीद्रवात विरघळलेलं असतं. ताजा गोठवलेला छेद स्थिरीकरण न करता, म्हणजे प्रथिनं रसायनाने जागीच पक्की न करता, बफर द्रावणात धुतला तर ते निघून जातं आणि छेद खोटाच कोरा दिसतो. म्हणून आधी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, धुणं नंतर. प्रतिपिंडाचीही खात्री हवी: कॅलरेटिनिन या दुसऱ्या कॅल्शियम-बंधक प्रथिनाची घडण कॅलबिंडिनच्या इतकी जवळची आहे की एकासाठीचं प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटू शकतं. अनुमस्तिष्कात हे लगेच पकडता येतं. तिथल्या पुरकिंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींत कॅलबिंडिन, कणपेशी या छोट्या चेतापेशींत कॅलरेटिनिन. कणपेशींचा थरही रंगला तर प्रतिपिंडावर संशय घ्यावा.

लेखणी
मग ‘कॅलबिंडिनचा आढळ अनेक ऊतींत आहे’ एवढं पुरेल का?

खडूस
थांबा, अनुमस्तिष्क कशाला? ‘लहान मेंदू’ काय वाईट आहे?

व्युत्पन्न
लहान मुलाचा मेंदू असंही कुणी वाचेल.

खडूस
‘लहान आतडं’ वाचताना कुणाला लहान मुलाचं वाटतं का?