सल्ला हवा: गिटारची नेक सॅटिन घ्यावी की ग्लॉस? (मुक्काम जळगाव)

मेहरूणकाठ
राम राम मंडळी. अकूस्टिकवर हात बसलाय, आता पहिली इलेक्ट्रिक घ्यायची आहे. दोन गिटारींवर गाडी अडकलीय. एक नवी स्क्वायर अफिनिटी स्ट्रॅट, दुसरी ओळखीतल्या एकाची वापरलेली क्लासिक व्हाइब फिफ्टीज. पैसे जवळपास सारखेच पडतात. अफिनिटीची नेक (तारांखालचा लांब दांडा, जो हातात धरतो) सॅटिन, म्हणजे मंद चमकेची, क्लासिक व्हाइबची चकचकीत ग्लॉस. नाशिकला दुकानात दोन्ही प्रकार वाजवून पाहिले, मला फारसा फरक कळला नाही. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, ग्लॉस हाताला चिकटते. माझ्या तळहाताला घाम येतो. आपल्या हवेत काय घ्यावं?

भुसावळकर_बेस
सॅटिन घ्या भो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो मी. मांडवात, हॅलोजनखाली, मे महिन्यात. ग्लॉसवर अंगठा सरकतच नाही.

सातपुडा_पायथा
दादा, दुकानात एसी होता ना? मग फरक कळणार कसा! थंड कोरड्या हातांना दोन्ही नेक सारख्याच गुळगुळीत लागतात.

आता आपल्या हवेचं. आपण उगाच ४५ अंशांना दोष देतो. एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की हातावरचा घाम टिकत नाही. ग्लॉस खरी चिकटते ती कूलर लावलेल्या बंद खोलीत आणि पावसाळ्यात, कारण तेव्हा हवेतच ओल असते. तुम्ही वाजवता त्या खोलीत कूलर आहे का, ते आधी सांगा.

दुसरं, सॅटिन आणि ग्लॉस म्हणजे दोन वेगळी रसायनं असं काही नाही. या दोन्ही गिटारींच्या नेकवर युरेथेनचाच (एक प्रकारचं पॉलिश) थर आहे. सॅटिनमध्ये चमक मारणारी बारीक पूड मिसळतात, त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत राहतो आणि हाताची कातडी त्याला पूर्ण टेकत नाही. म्हणून हात सरकतो. पण वाजवून वाजवून हा खरखरीतपणा झिजतो. फावड्याचा दांडा जसा हाताळून चकचकीत होतो, तशी सॅटिन नेक अंगठ्याच्या जागी काही वर्षांत आपोआप ग्लॉस होते. हे विकताना कोणी सांगत नाही.

आवाजात फरक पडतो म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

मेहरूणकाठ
कूलर आहे, आणि तोही अगदी समोर.

सातपुडा_पायथा
मग आधी खुर्ची हलवा. कूलरची ओली हवा थेट गिटारवर नको, नेक वाकते आणि ट्रस रॉड (नेक सरळ करणारी आतली सळई) सारखा फिरवत बसावं लागतं.

धुळ्याची_तारा
मी एकटी ग्लॉसच्या बाजूने दिसतेय! फिफ्टीज म्हणजे मेपल लाकडाचा फ्रेटबोर्ड (नेकची पुढची, बोटं दाबायची बाजू), त्याच्यावरही फिनिश (पॉलिशचा थर) असतंच, नाहीतर मेपल घामाने काळा पडतो. ग्लॉस पुसायला सोपी, डाग धरत नाही. वाजवण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, नंतर सुती फडक्याने नेक पुसायची, बस. पावडर मात्र लावू नका, तारांत लगदा होतो.

आणि भाऊ, चिकटते-चिकटत नाही यापेक्षा नेकचा आकार आणि फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बघा ना. क्लासिक व्हाइबचे हार्डवेअर आणि पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) मला अफिनिटीपेक्षा सरस वाटतात. फिनिशपायी चांगली गिटार सोडणार का?

सातपुडा_पायथा
ताईंचं बरोबर आहे, आणि त्यात एक सोय आहे. ग्लॉसची सॅटिन घरी करता येते, उलटं करायचं तर पुन्हा कोट मारावे लागतात.

राखाडी स्कॉच ब्राइट पॅड (बारीक घासणी) घ्यायचं. भांड्यांचं हिरवं नको, त्याचे ओरखडे खोल जातात. फ्रेटबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावायची आणि नेकची फक्त मागची बाजू, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने घासायची. दर थोड्या वेळाने पुसून हात फिरवून बघा, सरकायला लागलं की थांबा. फिनिश काढायचं नाही, नुसती चमक मारायची. काही जण ०००० नंबरची स्टील वूल वापरतात, चालते, पण तिचा चुरा पिकअपच्या चुंबकांना चिकटतो. पिकअप आधी झाकून घ्या, नाहीतर नेक खोलून वेगळी करा. मन बदललं तर गाडीच्या पेंटचं रबिंग कंपाऊंड मारून चमक परत आणता येते.

हे पॉली, म्हणजे युरेथेनसारख्या फिनिशसाठी सांगतोय. कुणाकडे नायट्रो लॅकर या जुन्या पद्धतीच्या फिनिशची जुनी गिटार असेल तर तिला हात लावू नका, तिची किंमतच त्या फिनिशमध्ये असते.

भुसावळकर_बेस
हे पटलं. तरी नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी पॅड घेऊन बसायचं का? मी म्हणेन सॅटिनच घ्या.

मेहरूणकाठ
क्लासिक व्हाइब बघायला रविवारी जातोय. गिटारवाल्याचं घर अमळनेरला, तिथे एसी नाही. दुपारी मुद्दाम घामेजल्या हाताने वाजवून बघतो. पॅड आत्ताच मागवून ठेवू का?

धुळ्याची_तारा
नको. पावसाळा सुरू होऊ द्या, तेव्हाही चिकटली तर मागवा. आणि रविवारी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून घ्या, वापरलेल्या गिटारीत फ्रेट झिजलेले निघाले तर तो खर्च मोठा असतो.