आर्ची बंकर: खडूस बापाचे लाड कुणी केले?

जुनी_मिल_चाळ:
सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीतून पाय मोडून घरी आलो, आता 'ऑल इन द फॅमिली' या विनोदी मालिकेचे जुने भाग लावलेत. माहीत नसलेल्यांसाठी: अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९७१ ते १९७९ चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला आर्ची बंकर, माल चढवणाऱ्यांचा फोरमन. काळे, ज्यू, बायका, कुणालाच सोडत नाही. बायको ईडिथ बोलायला लागली की 'गप बस', जावई म्हणजे 'मठ्ठ डोक्याचा'. असल्या बापाला हसूनच गार करायचं असतं, आणि या मालिकेनं केलं.

साखरपेठ_२:
गार कुठं झाला? विडमार आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या प्रेक्षकांचा अभ्यास छापला. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते, त्यांना आर्चीचंच पटत होतं. मालिका काढणाऱ्या नॉर्मन लिअरनं आरसा धरला, लोकांनी त्यात बघून भांग पाडला.

जुनी_मिल_चाळ:
१९७२ चा काळा गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअरचा भाग बघ बे. आर्ची वरकमाईला टॅक्सी चालवतो, तिच्यात सॅमीची बॅग राहते, ती न्यायला तो आर्चीच्या घरी येतो. आर्ची तोंड सांभाळायला जातो आणि दर वाक्याला आणखी रुततो. शेवटी फोटो काढताना ऐन क्लिकला सॅमी त्याच्या गालाचा मुका घेतो. तो चेहरा बघून आर्चीची बाजू कोण घेणार?

चाटीगल्लीवाला:
बंकर राहू दे, गड्ड्यात भजी कुठं चांगली मिळाली?

साखरपेठ_२:
आर्चीची बाजू मी घेतली असती, दहा वर्षांचा असताना. आमचे आजोबा यंत्रमागावरून आले की दारात वेताच्या खुर्चीत बसायचे. गल्लीत निम्मी घरं तेलुगू. शेजारची पोरगी शेंगाचटणीची वाटी परत द्यायला आली की तिच्या मराठीची हुबेहूब नक्कल करायचे. आम्ही लोळून हसायचो, तीपण हसायची. मग ती उंबऱ्याच्या आत यायची बंद झाली, वाटी खिडकीतून द्यायला लागली. घरात एकच पालुपद, 'तोंडाळ आहेत, पण मनानं चांगले.' आर्चीची खुर्ची तर थेट स्मिथसोनियन संग्रहालयात नेऊन ठेवलीय.

कडकभाकरी:
दोघं बापालाच धरून बसलाव. जीन स्टेपलटनची ईडिथ बघा की. भाबडेपणानं एक वाक्य टाकते आणि आर्चीची वाचाच बसते. ते 'गप बस'सुद्धा लिअरच्या घरातलंच, त्याचे वडील आईला म्हणायचे. मला तरी ती मालिका आर्चीपेक्षा ईडिथची वाटते.

जुनी_मिल_चाळ:
ईडिथचं मान्य. आणि नकलेला मीही हसलो असतो, खोटं कशाला बोलू. तरी मालिका वाईट म्हणणार नाही. @साखरपेठ_२, खिडकीतून वाटी घ्यायचं कोण?

साखरपेठ_२:
आजी. रिकामी वाटी कधी ठेवून घेतली नाही तिनं, काहीतरी घालून परत द्यायची. आजोबांना पत्ता नव्हता.