दगडी पायाच्या दरजांसाठी (दगडांमधल्या सांध्यांसाठी) सिमेंट की चुना?
"पायात ओल आहे, म्हणून दरजा पक्क्या सिमेंटने भराव्यात" हा सल्ला मला पटत नाही. पोर्टलंड सिमेंटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे, पेटंट १८२४ चे. त्याआधीचे आणि नंतरचेही पुष्कळ दगडी पाये चुन्यात बांधलेले आहेत, आणि अशा पायात शिरलेली ओल दगडातून कमी व सांध्यांतून अधिक बाहेर पडते. सांधा सिमेंटने बंद केला की तीच ओल दगडाकडे वळते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि दोन-चार वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, तर सिमेंटची रेघ मात्र जशीच्या तशी पुढे उभी राहते. दरजेचा माल दगडाहून मऊच हवा. झिजायचेच असेल तर त्याने झिजावे, कारण तो पुन्हा भरता येतो.

मात्र साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, त्यामुळे सतत ओल्या राहणाऱ्या पायात तो कच्चाच राहण्याचा धोका असतो. तेथे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्यानेही घट्ट होणारा चुना, वापरावा. बहुतेक ठिकाणी ३.५ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान तितका चुना मऊ), एका भागास अडीच-तीन भाग कोनदार कणांची, चाळलेली वाळू घालून, पुरेसा ठरतो. दगड फारच ठिसूळ असेल तर २ प्रतीचा घ्यावा.

जुना माल सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत हाताने, छिन्नीने काढावा (ग्राइंडरने दगडाच्या कडा हमखास दुखावतात). भरण्यापूर्वी सांधा भिजवावा आणि नंतर काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे.