बाहेरचा लोअर आर्म, टायरॉड टिकतोय की नाही? चोर्ला घाटावरनं रोज जाणाऱ्याचं ऐका

जांबोटीचा टॅक्सीवाला

परवा ग्रुपवर एका सायबांनी लिहिलंय, "शोरूमचा सोडून बाहेरचा सस्पेन्शनचा माल घालणारे लोक पाचशे रुपयांसाठी बायकापोरांच्या जिवाशी खेळतात, बाहेरचा पार्ट सहा महिने पण टिकत नाही." दोन दिवस गप बसलो पण राहवेना म्हणून लिहायलोय.

मी बेळगाव-पणजी टॅक्सी चालवतोय. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, आठवड्यातनं चार-पाच फेऱ्या. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहिताय, जून ते सप्टेंबर चाकं पाण्यात आणि तांबड्या चिखलातच. गाडीबरोबर आलेले लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालनं धरणारे दांडे, ७० हजार किलोमीटर गेले, मान्य. मग शोरूममधनं तेच घातलो, होलोग्रामच्या डब्यातले. ११ महिन्यांत मागचा बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातलं रबर, फाटला, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायची, पॅसेंजर विचारायचे खाली काय वाजतंय म्हणून. तिसऱ्या वेळी बाहेरचे घातलो. पण बाहेरचे म्हणजे कुठले ते पण बघा की. राणेवाले टायरॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) आणि बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) करतात, गॅब्रिएलवाले शॉकप (शॉक अब्सॉर्बर) करतात, हे लोक गाडीच्या कारखान्यांना पण माल देतात आणि स्वतःच्या डब्यात बाजारात पण विकतात. मी घातलो ते आर्म असल्याच एका कारखान्याला माल देणाऱ्या कंपनीचे. आज ५२ हजार झाले, अजून टाईट आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पार्ट टिकतोय तो रबरावर, बुटावर (सांध्यावरच्या रबरी टोपीवर) आणि बसवणाऱ्याच्या हातावर. डब्यावरच्या नावावर नाही. तुम्ही सरसकट सगळ्या बाहेरच्या मालाला डुप्लिकेट म्हणून मोकळे झालात, आणि आमच्यासारखे गाडीवर पोट असलेले लोक काय बिनअकलेचे आहेत काय ओ?

निपाणीकर_२३

ते लिहिणारा मीच. आणि एक शब्द मागं घेणार नाही.

निपाणीजवळच्या तवंदी घाटात उतारावर माझ्या गाडीचा उजवा टायरॉड एंडचा बॉल वाटीतनं बाहेर आला. एक चाक सरळ, दुसरं वाकडं. मागं वडील, बायको, धाकटी पोरगी. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता म्हणून स्पीड ३० च्या आत होता, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. तो टायरॉड गॅरेजवाल्यानं "फर्स्ट क्वालिटी आहे सर, कंपनीवालाच माल" म्हणून घातलेला, आठ महिने झालेले. त्या दिवसापासनं वडील माझ्या गाडीत बसत नाहीत, एसटीनं जातात. तुमचे ५२ हजार किलोमीटर तुमच्याजवळ ठेवा. शॉकप गेला तर गाडी उड्या मारते, टायरॉड गेला तर माणूस जातो.

ऑटोनगरचा मिस्त्री

निपाणीकर, वाईट झालं, पोरगी सुखरूप आहे हे मोठं. पण एक विचारतो, रागवू नका. बॉल एका दिवसात बाहेर येत नाही ओ. आधी बूट फाटतो, ग्रीस जातं, पाणी-माती आत शिरते, बॉल गंजतो, वाटी झिजते, मग स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो, हंपावरनं (स्पीडब्रेकरवरनं) जाताना कटकट आवाज येतो, टायर एका कडेनं खाल्लं जातं. महिना दोन महिने गाडी ओरडून सांगत असते. त्या आठ महिन्यांत एकदा तरी जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या ३ आणि ९ वर धरून हलवून बघितलं होतं का कुणी? माझ्याकडं निम्मी गिऱ्हाईकं आवाज आला की टेपचा आवाज वाढवतात.

आणि टॅक्सीवाल्या भावा, बसवणाऱ्याच्या हातावर म्हणून आमच्या डोक्यावर खापर फोडू नको. गिऱ्हाईक म्हणतंय स्वस्तातला घाला, घातलो की म्हणतंय टिकला नाही.

जांबोटीचा टॅक्सीवाला

खापर नाही मिस्त्री, पण आता विषय काढलाच आहे तर बोलूया. शोरूमचा आर्म ११ महिन्यांत का फाटला ते मला नंतर कळलं. लोअर आर्मचा बुश म्हणजे रबर आत-बाहेर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतंय, ते फिरत नाही, नुसतं पिळतंय. बोल्ट ज्या पोझिशनला आवळला ती त्या रबराची विश्रांतीची जागा. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट कचकचून आवळला की गाडी खाली आल्यावर ते रबर उभ्या गाडीत पण पिळलेलंच राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात अजून पिळतं. मग कितीही ओरिजिनल असू दे, फाटणारच. बोल्ट अर्धवट लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबायची, मग फायनल आवळायचे. शोरूममध्ये माझ्यासमोर लोंबकळत्या चाकांवर बोल्ट आवळायची गन लावून आवळले, मी बघितलोय. तिसऱ्या वेळी मी स्वतः गॅरेजातल्या खड्ड्यावर गाडी उभी करून खालनं आवळून घेतलो.

आता खरं सांगा, ऑटोनगरातल्या गॅरेजांत किती जण असं करतात?

ऑटोनगरचा मिस्त्री

कमीच करतात. मी करतोय. खोटं बोलत नाही, चार वर्षांपूर्वीपर्यंत मी पण रॅम्पवरच आवळायचो, उस्तादानं तसंच शिकवलेलं. दिवसाला सहा गाड्या काढायच्या असल्यावर खड्ड्यात शिरून आवळायला पोरं पण तयार होत नाहीत.

उद्यमबाग_लेथ

मधेच बोलतोय. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, २२ वर्षं मशीनवर आहे, आणि मला राग येतो तो "लोकल माल" ह्या शब्दाचा. आमच्या गावात फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिकचा माल होतो, तो परदेशात जातो, आणि इथलेच लोक डुप्लिकेट पार्टला "लोकल" म्हणतात. तो डुप्लिकेट माल बेळगावचा नसतोच. डबा बघा, त्यावर बनवणाऱ्याचा पत्ताच नसतो.

टायरॉडचं म्हणाल तर बॉल पिन फोर्जिंगची लागते, वरनं हार्ड केलेली आणि आरशासारखी पॉलिश. पॉलिश नीट नसली की तो बॉल आतली प्लास्टिकची वाटी कानशीसारखी घासून खातो. हे बाहेरनं दिसत नाही. पण दोन गोष्टी गिऱ्हाईक करू शकतो: जुना ओरिजिनल आणि नवा पार्ट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, स्वस्तातल्या आर्मचा पत्रा पातळ असतो, वजनात लगेच कळतं. आणि बूट बोटानं दाबा, नखानं खरवडा. कडक, पावडर सोडणारं रबर असलं तर परत द्या. म्हणजे निपाणीकर अर्धे बरोबर आहेत, वाईट माल बाजारात खच्चून भरलाय. पण सगळा नाही.

चिकोडी_रोड

तुम्ही सगळे पार्टवर भांडताय, मूळ कारण कुणी बोलेना. हंप! आमच्या गावापासनं हायवेपर्यंत ९ किलोमीटरात २३ हंप आहेत, मी मोजलोय. एकालाही पांढरा पट्टा नाही. नियम काय आहे माहिताय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोडप्रमाणं हंप साडेतीन-चार मीटर रुंद आणि साधारण १० सेंटीमीटर उंच पाहिजे, २५ च्या स्पीडनं आरामात जाता आलं पाहिजे. आमच्याकडं फूटभर रुंद, वीतभर उंच, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबचं उरलेलं काँक्रीट ओतून ठेवलेलं. त्याच्यावर कुठला लोअर आर्म टिकणार? विमानाचा घातला तरी जाईल.

संकेश्वरचा ऊसवाला

ते काँक्रीट आमच्या गल्लीत मी स्वतः उभं राहून ओतून घेतलोय, होय. कारण तुमच्यासारखे गाडीवाले शाळेसमोरनं ८० नं जात्यात. माझ्या चुलतभावाचा पोरगा पाय मोडून चार महिने अंथरुणावर होता. त्याच्या पायापेक्षा तुमचा बुश मोठा काय?

चिकोडी_रोड

पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण रात्री हंप न दिसल्यामुळं बाईकवरनं पडलेले किती जण आहेत ते पण सांगा की. आणि ८० नं कोण जातंय? डबल ट्रॉली ऊस भरून, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्ता अर्धा अडवून जाणारे तुम्हीच. रस्ते कुणी उखडलेत? सीझन संपला की मार्चमध्ये तो रस्ता बघा.

संकेश्वरचा ऊसवाला

रस्ता उसानं उखडलाय म्हणताय, मग साखर खाऊ नका. तोडणीची टोळी मिळत नाही, तोड लांबली की वजन घटतंय, एक ट्रॉली नेली तर डिझेल परवडत नाही. आमच्या ट्रॉलीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दर सीझनला तुटतात, सेंटर बोल्ट कापतात, ते आम्ही कुणाला सांगायचं? ट्रॅक्टरचा पुढचा टायरॉड मी दोन वर्षांत तीन वेळा बदललोय. तुम्ही कारवाले आवाज आला म्हणून रडताय.

निपाणीकर_२३

भावांनो, उसाचं भांडण वेगळं करा, विनंती आहे. मला तो टॅक्सीवाल्याचा मुद्दा अजून पटलेला नाही.

जांबोटीचा टॅक्सीवाला

एक मिनिट, हंपाचं पण ह्यातच येतंय. हंपावर बुश जातो तो हंपावर चढताना कमी आणि हंप ऐन वेळी दिसल्यावर कचकन ब्रेक मारता तेव्हा जास्त. लोअर आर्मचा मागचा बुश ब्रेकचा धक्का घेतो. ब्रेक दाबलेला, गाडीचं नाक खाली गेलेलं आणि त्याच वेळी चाक काँक्रीटवर आपटतं. हंपाआधीच स्पीड कमी करा, ऐन हंपावर ब्रेक सोडा. मी हे सुरू केल्यापासनं फरक आहे. त्यामुळं चिकोडीवाल्यांचं बरोबर आहे की पट्टा पाहिजे, आणि संकेश्वरच्या मामांचं पण बरोबर आहे की हंप पाहिजे. दोघं मिळून पांढरा रंग तरी मारा.

संकेश्वरचा ऊसवाला

रंग आणून द्या, मारतो. खोटं न्हाई.

नंदगडच्या बाई

मी शिक्षिका आहे, रोज ३४ किलोमीटर जाऊन-येऊन गाडी चालवते. तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. मला एकच सांगा, मला कसं कळणार माझ्या गाडीत काय घातलंय? गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये "सस्पेन्शन काम" एवढंच लिहून ७,८०० रुपयांचं बिल दिलं. डबा दाखवला नाही, जुना पार्ट परत दिला नाही. विचारलं तर "मॅडम तुम्हाला नाही कळणार" म्हणाले. मी मुलांना विज्ञान शिकवते, बुश कसा पिळतो ते मला नीट सांगितलं तर कळतं. बाई गिऱ्हाईक आली की तिला काय घातलं हे सांगायचीच गरज नाही असं का वाटतं? इथं तुम्ही ब्रँडवर भांडता, पण आम्हाला निवडायची संधीच मिळत नाही. सात महिन्यांत परत कटकट सुरू झालीय, आता हा पार्ट खराब की काम खराब हे मी कशावरून ठरवू?

ऑटोनगरचा मिस्त्री

बाई, तुमचं म्हणणं खरं आहे. माझ्याकडं पण बिलावर "लोअर आर्म" एवढंच लिहायची सवय होती. जुना पार्ट भंगारात देतो, त्याचे चार पैसे पोरांच्या चहाला होतात, म्हणून परत द्यायचं डोक्यात येत नाही. पण मागणं तुमचा हक्क आहे.

निपाणीकर_२३

बाईंच्या लिहिण्यावर विचार केला. मला पण डबा दाखवला नव्हता. म्हणजे मी ज्याला "बाहेरचा चांगला ब्रँड" समजून शिव्या घालतोय तो कुठला होता हे मलाच माहीत नाही. हे मान्य करावं लागतंय. आणि मिस्त्रींनी विचारलेलं, जॅकवर घेऊन बघितलं होतं का. नव्हतं. आवाज येत होता, बायको दोनदा बोलली होती, मी म्हणालो रस्ता खराब आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही.

तरी सांगतो, शॉकप, लिंक रॉड, स्ट्रट माउंट ह्यात बाहेरचा चांगला ब्रँड घाला, माझी हरकत नाही. टायरॉड आणि बॉल जॉइंट मी शोरूमचाच घालणार. तुम्ही कितीही लिहिलं तरी घालणार. दर १० हजाराला बूट पण बघणार.

जांबोटीचा टॅक्सीवाला

घाला की, कोण नको म्हणतंय. तवंदीत जे झालं त्यानंतर मी पण तेच केलो असतो. पण शोरूमला सांगा, बुशाचे बोल्ट गाडी खाली उतरवून आवळा, नट अडवणारी स्प्लिट पिन नवीन घाला, आणि टायरॉड बदलला की चाकांची अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. आणि पुढच्या वेळी लिहिताना जिवाशी खेळतात असं सरसकट लिहू नका, माझ्या गाडीत पण रोज कुणाची तरी बायकापोरं बसतात.

निपाणीकर_२३

ते वाक्य काढतो.

नंदगडच्या बाई

आज ऑटोनगरला जाऊन आले. गाडी जॅकवर घेऊन माझ्यासमोर चाक हलवलं, मलाही हलवायला दिलं. डावीकडे ३-९ ला प्ले आहे, बूट फाटून आतलं ग्रीस काळं झालंय. लोअर आर्म मात्र ठीक आहे, बुशात अजून चिरा नाहीत. म्हणजे ज्याचा संशय घेत होते तो पार्ट चांगला आणि ज्याकडे कुणी बघितलंच नाही तो टायरॉड एंड गेलेला. मिस्त्री, उद्या कुठला घालणार?

ऑटोनगरचा मिस्त्री

उद्या ९ वाजता या बाई. शोरूमचा एक आणि बाहेरचा एक, दोन्ही डबे काउंटरवर ठेवतो, काटा पण ठेवतो. बघून तुम्ही सांगा, तो घालतो. जुना पिशवीत घालून देतो.

उद्यमबाग_लेथ

वजनाचे आकडे इथं टाका बाई, मी वाट बघतोय.