आईला घेऊन कोलकात्याची दुर्गापूजा बघायची आहे, गर्दीत कसं जमवावं?

कृष्णाकाठ_वाई
नमस्कार मंडळी. यंदा आईला कोलकात्याची दुर्गापूजा दाखवायची आहे. आईचं वय ७१, गुडघे दुखतात, अर्धा तास चालली की बसावं लागतं. वडील गेल्यापासून ती लांब कुठे निघालीच नाही. मागच्या नवरात्रात टीव्हीवर ढाक वाजताना बघून आपणहून म्हणाली, "ही देवी एकदा समोर बघायची होती." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. घट यंदा काकूंकडे बसतील, तो प्रश्न मिटलाय.

भीती गर्दीची आहे. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जे घडलं ते आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर आई यात्रेच्या दिवशी कधी गड चढली नाही. तिला रांगेत चेंगरायला न लावता काय दाखवता येईल? कुठे उतरावं? आणि तिचे नऊ दिवसांचे उपास असतात, खाण्याचं कसं करायचं?

सांगलीची_माधवी
आम्ही दोघं जाऊन आलो आहोत. सप्तमीच्या संध्याकाळी चौदा मंडपांची यादी हातात घेऊन निघालो आणि पाच झाले. एकाच रांगेत दीड तास गेला. आत गेल्यावर देवीसमोर मिनिटभरही थांबता आलं नाही, मागून लोंढा पुढे ढकलत होता. देखावे डोळे दिपवणारे असतात, आपल्याकडे गणपतीत बघतो त्याच्या कितीतरी पट. पण आईंना घेऊन संध्याकाळी सहानंतर मोठ्या मंडपाकडे फिरकूसुद्धा नका, हे अगदी मनापासून सांगते.

गलाईवाला_विटा
दादा, आमचं गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) दुकान कोलकात्यात बहूबाजारात आहे, वडिलांच्या वेळेपासून. तिथल्या पूजेतच लहानाचा मोठा झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उतरायचं उत्तर कोलकात्यात, शोभाबाजार किंवा श्यामबाजारच्या आसपास. दक्षिणेला बालीगंज, देशप्रिय पार्क, न्यू अलीपूर इकडे थीमचे मोठे मंडप आहेत, तरुण पोरं रात्रभर तिकडेच असतात. आईंसाठी उत्तरच बरी. तिथे जुन्या पूजा जवळजवळ आहेत.

बाहेर पडायचं सकाळी सात ते अकरा. रात्रभर फिरलेलं शहर तेव्हा झोपलेलं असतं, रस्ते मोकळे असतात, टॅक्सी मंडपाच्या बरीच जवळ जाते. मेट्रोवर मात्र सकाळी विसंबू नका. गेल्या काही वर्षांत सप्तमी ते नवमी ती दुपारी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. दुपारनंतर गाड्यांना रस्ते बंद व्हायला लागतात, तेव्हा जेवून खोलीवर आराम.

पहिला दिवस बागबाजार सार्वजनीन. शंभरी ओलांडलेली पूजा आहे. थीम वगैरे काही नाही, एकाच चाल्याखाली (मूर्तींमागची कमान) देवीचं सगळं कुटुंब, अंगावर पांढराशुभ्र 'डाकेर साज'. हा चकचकीत वर्ख पूर्वी जर्मनीहून डाकेने यायचा म्हणून ते नाव, असं म्हणतात. मैदान मोठं आहे, बसायला जागा मिळते. आईंना खुर्चीवर बसवा आणि तासभर तिथंच राहा. ढाकी वाजवत असतात, धूप चाललेला असतो.

दुसऱ्या दिवशी शोभाबाजार राजबाडी. राजा नवकृष्ण देव यांनी १७५७ साली सुरू केलेली पूजा. वाड्याच्या ठाकूरदालानात, म्हणजे पूजेच्या दालनात, देवी असते, समोर चौक. आपल्या वाईच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला ती जागा परकी वाटणार नाही. तिथून कुमारटुली जवळ आहे, मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती, पण पूजेच्या दिवसांत ती रिकामी झालेली असते. मूर्ती घडताना बघायच्या तर महालयेच्या (सर्वपित्री अमावस्येच्या) आधी यावं लागतं.

एक गोष्ट आईंना निघण्याआधी सांगून ठेवा. आपली देवी घटात बसते, नऊ दिवस राक्षसाशी लढते. बंगाल्यांची दुर्गा लढतेच, पण त्यांच्या लेखी ती चार लेकरं घेऊन माहेरी आलेली लेक आहे: लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश. आपल्या गौरी येतात तसंच. म्हणून दशमीला बायका तिचं तोंड विड्याच्या पानांनी पुसतात, ओठांना मिठाई लावतात आणि रडतात. हे ठाऊक असलं की मूर्तीकडे बघण्याची नजरच बदलते.

उपासाचं: भोगाची खिचडी तांदूळ-मुगाची असते, साबुदाण्याची नव्हे. भगर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचा कूट घरून न्या. फळं, दही, संदेश कुठेही मिळतं. बंगाली लोक पूजेत मटण-मासे खातात, नवमीला तर हमखास. तो त्यांचा सणाचा रिवाज आहे, आईंना आधी कल्पना दिलेली बरी.

कृष्णाकाठ_वाई
काय आभार मानू! एक विचारायचं राहिलं. बागबाजारचा सिंदूर खेला, दशमीला बायका एकमेकींना शेंदूर लावतात तो, आईला बघायचाय, पण ती म्हणते, "मी तिथे कशाला, सवाष्णींचं असतं ते." अष्टमीची अंजलीही तशीच असते का?

गलाईवाला_विटा
नाही, अंजली सगळ्यांची. अष्टमीला सकाळी लोक गटागटाने देवीसमोर उभे राहतात, हातात फुलं देतात, पुरोहित मंत्र सांगतो, आपण मागून म्हणायचा, मग फुलं वाहायची. बाई, पुरुष, पोरं, विधवा, कुणाला कोणी काही विचारत नाही. आमच्या आजीने वडिलांच्या वडिलांनंतर तीस वर्षं अंजली दिली. आईंना नक्की उभं करा, सकाळच्या पहिल्या गटात. त्यासाठी नावाजलेला मंडप लागत नाही, उतराल त्या गल्लीतला छोटा मंडप चालेल. तिथली माणसं खुर्ची आणून देतील.

सातारकर_६२
पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस थेट हावड्याला जाते, संध्याकाळी निघते, मध्ये एक पूर्ण दिवस गाडीत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूजेच्या तारखा मोजून त्या सकाळीच बसा. खालचा बर्थ मागा. गुडघ्यांचा त्रास आहे म्हणून सांगतो, पैसे असतील तर जाताना विमानच बघा. मंडप पायी फिरणं जमत नाही असं वाटलं तर पश्चिम बंगाल पर्यटन खात्याच्या पूजा परिक्रमेच्या बसही असतात, जुन्या घराण्यांच्या पूजा दाखवतात.

सांगलीची_माधवी
आणि आईंच्या पर्समध्ये तुमचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता बंगालीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हॉटेलवालाच लिहून देईल. गर्दीत फोन लागत नाहीत.

कृष्णाकाठ_वाई
ठरलं. षष्ठीला पोचायचं, अष्टमीला अंजली, दशमी बागबाजारला बाजूला खुर्चीवर बसून. आत्ता आईला लेक-माहेरचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, "तिला न्यायला आपल्याकडनं काय घ्यायचं?" खणाचं कापड चालेल का तिथे?

गलाईवाला_विटा
चालेल. पुरोहिताच्या हाती द्या, तो देवीच्या पायाशी ठेवेल. गुळेदगुडचा खण मिळाला तर तोच आणा.