रोकडा बाळगणारे सगळे चोर काय?

गंजका_खिळा

परवाच्या 'आता नोटा छापायच्याच कशाला' या धाग्यावर एकाने लिहिलं होतं, "आजच्या काळात जो रोख काढतो तो एकतर कर चुकवतो, नाहीतर अडाणी असतो." खाली लाइकची रांग. तिथे उत्तर देणार नव्हतो, पण दोन दिवस ते वाक्य दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखं टोचतंय, म्हणून वेगळा धागा.

माझी आई ७४ वर्षांची. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय, तेव्हा 'अडाणी' बाद. पेन्शन थेट बँकेत येते, कर कापून येते, तेव्हा 'चोर'ही बाद. गेल्या महिन्यात बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेली. बिल ८६ रुपये. तिने पाचशेची नोट काढली. काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आजी, कॅश नको, स्कॅन करा." तिच्याकडे साधा फोन. गोळ्या न घेता घरी आली आणि मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, तेही मी डबी रिकामी बघून विचारलं म्हणून. "मला उगाच अपराध्यासारखं वाटलं रे," एवढंच म्हणाली.

मी स्वतः दिवसभर स्कॅन करतो. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, त्यानंतर वर्षभरातच मी भाजीवालीला फोनवरून पैसे देत होतो. सोय आहे, वादच नाही. पण सोय आणि सक्ती यात फरक आहे की नाही? आणि रोकड संपत आली म्हणणाऱ्यांसाठी: नोटाबंदीच्या आधी लोकांच्या हातात साधारण १७ लाख कोटींच्या नोटा होत्या, २०२४ मध्ये ३४ लाख कोटींच्या वर. सगळे चोर?

शून्य_शिल्लक

ते वाक्य माझंच. मागे घेत नाही.

आईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण ८६ रुपयांच्या बिलाला पाचशेची नोट दिल्यावर त्या पोराने ४१४ रुपये कुठून काढायचे? त्याला सुट्टे नाहीत म्हणायची लाज वाटली म्हणून तो कॅश नको म्हणाला असेल.

आणि ३४ लाख कोटींचं म्हणाल, तर ते माझ्याच बाजूचं आहे. भाजीचे पैसे लोक फोनवरून देतायत, मग या नोटा आहेत कुठे? मी सांगतो कुठे आहेत. मागच्या वर्षी फ्लॅट बघत होतो. अकरा जागा बघितल्या, त्यातल्या सात ठिकाणी दुसऱ्याच वाक्याला "व्हाइट किती, ब्लॅक किती?" एकाने तर चहा देता देता साठ-चाळीस सांगितलं, जसं काही साखर किती विचारतोय. आमचे फॅमिली डॉक्टर सातशे रुपये फक्त रोख घेतात, पावती मागितली की नर्स वर बघते. पगारदार माणसाचा कर पगार हातात यायच्या आधी कापला जातो आणि हे लोक रोकड म्हणजे गरिबांचा आधार म्हणून रडतात. गरिबांच्या नावावर कोण पोळी भाजतंय ते बघा जरा.

भुसार_किराणा

मी दुकानदार. जालन्याकडचा. दोघांचं बी ऐकलं, आता माझं ऐका.

आमच्याकडं दहातले सात जण स्कॅन करतात. मला बरंच आहे. गल्ला मोजायचा त्रास नाही, खोटी नोट नाही. पैसे आले की डबा बोलतो, कमिशन शून्य. डब्याचं महिन्याचं भाडं तेवढं जातं. पण या मार्चमध्ये काय झालं? कुण्या गिऱ्हाइकानं तेल-साखरेचे २४० रुपये टाकले. ते पैसे म्हणे कुठल्यातरी फसवणुकीच्या साखळीतून आलेले. मला काय म्हाईत? चार दिवसांनी खातं गोठलं. २४० रुपये नाही, अख्खं खातं! बँकेत गेलो तर म्हणाले दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र आहे, तिकडं बोला. तिकडं फोन लावला तर भाषाच कळंना. २३ दिवस. होलसेलवाल्याला चेक दिलेला परत आला, पोराची फी राहिली. त्या २३ दिवसांत मला कुणी जगवलं? गल्ल्यातल्या नोटांनी.

बंगळुरूचं विसरलात का? २०२५ च्या जुलैत यूपीआयवरची उलाढाल बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर लोकांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. भाजीवर जीएसटी नसतोच, तरी भाजीवाल्यालाही नोटीस. तुम्ही म्हणता चोर. मी म्हणतो भ्यालेली माणसं.

शून्य_शिल्लक

४० लाखांच्या वर माल विकला तर जीएसटी नोंदणी करायची हा नियम २०१९ पासून आहे, भाऊ. फोनने नियम केला नाही, उलाढाल फक्त दिसायला लागली.

खातं गोठवायचं प्रकरण मात्र चूक आहे, मान्य. तेवढीच रक्कम धरायला हवी. पण तो पोलिसांचा आणि बँकेचा दोष, यूपीआयचा नाही.

भुसार_किराणा

दोष कुणाचा का असंना, भोगलं मी. आणि एक राहिलंच, ते दहाच्या नाण्याचं तरी कुणी सांगा. गिऱ्हाईक देतं, मी घेतो, पुढं होलसेलवाला घेत नाही. बरणीत हजार-बाराशेचे ठोकळे पडलेत.

खवचट_काकू

नाण्यांचं नंतर. आधी चॉकलेटांचं बोला, कारण इथे दुकानदार हजर आहेत.

"ताई, दोन रुपये सुट्टे नाहीत, चॉकलेट देऊ?" हे मी वीस वर्षं ऐकतेय. मला मधुमेह आहे. तरी घेतलं. आणि साठवलं. ड्रॉवरमध्ये एक बरणी होती, तिच्यात पावणेदोन वर्षांत ६४ चॉकलेटं जमली. गेल्या दिवाळीच्या आधी त्याच दुकानात गेले, ६४ रुपयांचा रवा-मैदा घेतला आणि बरणी काउंटरवर उपडी केली. "हे घ्या, तुमचंच चलन." त्याने रागाने घेतलंन, मोजून घेतलंन, आणि एक कागद फाटलेलं होतं ते परत केलंन!

यूपीआयमुळे माझं आयुष्य या एका बाबतीत सुधारलंय. ८७ म्हणजे ८७. गंजक्या खिळ्याच्या आईंचा पूर्ण आदर ठेवून मी शून्य शिल्लकच्या बाजूने.

वऱ्हाडी_ठेचा

दहाचं नाणं आमच्याकडेबी चालत नाही ना बाप्पा! यवतमाळात पानठेल्यावाला बी नाही म्हणते. कुणीतरी फिरवून देलं होतं का दहा रेघावालं खरं न् पंधरा रेघावालं खोटं. तेव्हापासून सारेच मोजून रायले रेघा.

कलम_कसाई

दोन्ही खरी आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की दहाच्या नाण्याचे तोवरचे १४ नमुने वैध आहेत. नाण्यांवर रुपयाचं चिन्ह २०११ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते नाही, एवढाच फरक. श्री. किराणा यांनी सरळ बँकेत भरणा करावा.

आता कायद्याचं. नाणे अधिनियम २०११ नुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन. ५० पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत. नोटांसाठी रिझर्व्ह बँक अधिनियम १९३४, कलम २६. पण वैध चलन म्हणजे झालेलं देणं त्याने फिटतं. दुकानदाराने तुम्हाला माल विकलाच पाहिजे, आणि तोही पाचशेच्या नोटेवर, असं त्या कलमात लिहिलेलं नाही. भावनेच्या भरात मातोश्रींना कलमात ओढू नये.

गंजका_खिळा

मी कलमाचं नावही घेतलं नव्हतं साहेब. आईला तुम्हीच आणलंत तिथे.

पायवाट

सुट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर बसमधले कंडक्टर विसरू नका. तिकिटाच्या मागे पेनाने 'बाकी ३८' लिहून गोल करतात. उतरताना आपण शोधतो तर ते मागच्या दारात, गर्दीत. कॉलेजची चार वर्षं रोज जायचो. माझ्या हिशोबाने एक सायकल आली असती त्या पैशांत. ठरवून करतात हे.

डबल_बेल

ठरवून?

२९ वर्षं बॅग गळ्यात अडकवून उभा होतो मी. पहाटे साडेपाचची पहिली फेरी, हातात मोड जेमतेम शंभर-दीडशेची. पहिल्याच स्टॉपला आठ माणसं चढणार, त्यातल्या सहा जणांच्या हातात पाचशेची नोट, तिकीट १५ रुपये. म्हणायचं "सुट्टे द्या" तर "आम्ही काय बँक उघडलीय?" वर खिशात वाजणारी चिल्लर आम्हाला ऐकू येते बरं का. संध्याकाळी हिशोबात दहा रुपये कमी आले तर ते माझ्या खिशातून जायचे. आणि बाकी न मागता उतरून गेलेल्यांचे पैसे मी पुढच्या स्टॉपपर्यंत ओरडून दिलेत. एकदा एका बाईंचे २८५ रुपये राहिले, दुसऱ्या दिवशी त्याच फेरीला, त्याच सीटवर नेऊन दिले. तुमची सायकल माझ्या घरी नाही, येऊन बघा.

पायवाट

तुम्ही दिले असतील. सगळे तुमच्यासारखे नव्हते.

डबल_बेल

आणि सगळे प्रवासी कॉलेजचे गरीब बिचारे नव्हते. जुना पास अंगठ्याने तारीख झाकून दाखवणारे बघितलेत मी. मांडू का हिशोब?

खवचट_काकू

मांडाच.

पायवाट

काकू, आगीत तेल ओतू नका. डबल बेल, 'ठरवून' हा शब्द मागे. ३८ रुपये मात्र माझे राहिलेत ते राहिलेत.

वाशिष्ठीकाठी

तुमची चिल्लर चालू द्या, मी मूळ प्रश्नावर येतो. चिपळूण, २२ जुलै २०२१. रात्रीत पाणी चढलं, आम्ही माळ्यावर. दुपारपर्यंत फोन मेले, वीज नाही, रेंज नाही. पाणी उतरल्यावर रस्त्यावर एक टेम्पो आला होता, पाण्याच्या बाटल्या आणि मेणबत्त्या घेऊन. माझ्या खात्यात पैसे होते आणि मी कोरड्या घशाने त्या टेम्पोकडे बघत उभा. आमच्या आजीने माळ्यावरच्या तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा काढल्या. शंभराच्या, पन्नासच्या. तांदळाचा पांढरा भुगा लागलेल्या. त्या आठवड्यात सगळी आळी आजीकडून उसने घेऊन गेली. वहीत लिहून.

हेही सांगतो, म्हणजे कोणी एकतर्फी म्हणायला नको: खाली दुकानाच्या गल्ल्यातल्या नोटांचा लगदा झाला. थोड्या तव्यावर सुकवल्या, बाकी गेल्या. बँकेतले तेवढे वाचले. तेव्हा मी आता दोन्ही ठेवतो. आणि रोकड माळ्यावर.

मुक्काम_स्टॉकहोम

इथे अकरा वर्षं आहे. शहरातल्या बसमध्ये रोख चालतच नाही, बेकरीच्या दारावर 'रोख घेत नाही' अशी पाटी. मुलांनी नाणी फक्त पडलेल्या दाताच्या बदल्यात मिळाली तेव्हाच पाहिली आहेत. आणि याच देशाच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची पुस्तिका घरोघरी पाठवली. त्यात पाणी, रेडिओ यांच्याबरोबर घरात वेगवेगळ्या किमतीच्या नोटा ठेवा असं लिहिलंय. मी आणि बायको त्या दिवशी एटीएम शोधत चाळीस मिनिटं फिरलो. पुढच्या एप्रिलमध्ये स्पेन-पोर्तुगालची वीज गेली तेव्हा तिथे कॉफीसुद्धा रोख देणाऱ्यालाच मिळत होती म्हणे. रोकड संपवायला निघालेल्यांनी आधी आमच्याकडे बघून घ्या.

शून्य_शिल्लक

स्वीडनमध्ये साठ-चाळीस नसतं हो. असो.

पूर आणि युद्ध काढलंत की वाद संपतोच. पण एक सांगून टाकतो, नाहीतर खोटारडा ठरेन. १२ एप्रिल २०२५, शनिवार, देशभर यूपीआय बंद पडलं होतं, आठवतंय? मी मिसळ खायला बसलेलो. दोन मिसळ, एक जादा पाव, ताक. उठलो, स्कॅन केलं, ते चक्र फिरतंय आणि फिरतंय. खिशात एक रुपया नाही, आहे फक्त कार्ड, आणि तिथे कार्डाचं मशीन नाही. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त वाईट. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी २१० रुपये दिले. रोख. त्यांचा नंबर घेतला, रात्री पाठवतो म्हटलं तर म्हणाले, "माझ्या फोनवर ते नाही, पुढच्या शनिवारी इथेच द्या." दिले.

हसा. 'अडाणी' मागे घेतो. 'चोर' राहू दे, फ्लॅटवाल्यांसाठी.

खवचट_काकू

म्हणजे आजोबांच्या जिवावर मिसळ हाणलीत आणि आठवडाभर उधारी ठेवलीत. व्वा.

भुसार_किराणा

खिळेभाऊ, तुम्ही मेडिकलवाल्याला जाऊन बोलला का नाही शेवटी?

गंजका_खिळा

गेलो होतो, तावातावाने. तो पोरगा नव्हता, मालक होता. म्हणाला, सुट्ट्यांचा वैताग येतो म्हणून आम्हीच पोरांना सांगितलंय. म्हणजे शून्य शिल्लकचा अंदाज बरोबर होता, हे लिहिताना मला अजिबात आनंद होत नाहीये. मग त्याने आईचं नाव वहीत घातलं, महिन्याचं एकदम द्यायचं. आई तयार नाही. म्हणते उधारीची वही आपल्या घरात कधी नव्हती. आता दुधाच्या पिशवीत दहाची नाणी साठवून ठेवते आणि ८६ ला ८६ देते.

भुसार_किराणा

नाणी कमी पडली तर सांगा. बरणीभर आहेत.