डिपोर्ट होऊन पुन्हा आलेल्या आरोपीचं अपील: ठाणे सत्र न्यायालय की हायकोर्ट?

ज्युनिअर_ठाणे
विधी सेवा प्राधिकरणाकडून फाइल आली आहे. आरोपी बांगलादेशी, आधी शिक्षा भोगून डिपोर्ट झालेला. मे २०२५ मध्ये वाशीत पुन्हा सापडला. बेलापूरच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाने परकीय नागरिक कायदा १९४६, कलम १४ खाली २ वर्षं दिली. गुन्हा कबूल केला होता. सध्या तळोजा जेलमध्ये. अपील कुठे, आणि कबुलीनंतर चालेल का?

कोर्टनाका
मॅजिस्ट्रेटचा निकाल, म्हणून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४१५ खाली सत्र न्यायालय. मुदत ३० दिवस. सर्टिफाइड कॉपीला लागलेले दिवस वजा होतात. कैदेची शिक्षा असल्याने आरोपीला निकालाची प्रत फुकट आणि ताबडतोब मिळायला हवी (कलम ४०४), ती मिळाली का बघा. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबतच लावा.

हद्द मात्र तपासा. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं असलं तरी खारघर, कामोठे, पनवेलचे गुन्हे रायगडच्या सत्र विभागात जातात. तळोजा जेलही रायगडात. पण जेल कुठे आहे याला महत्त्व नाही, निकाल कुठल्या कोर्टाचा ते बघायचं. तुमचं वाशी-बेलापूर, म्हणजे ठाणेच.

परकीय नागरिक कायद्याचंच कलम १४अ असतं तर गोष्ट वेगळी. त्यात ८ वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने खटला सत्र न्यायालयात, अपील हायकोर्टात, मुदत ६० दिवस. शिवाय किमान २ वर्षं, त्याखाली कोर्टाला उतरता येत नाही. १४ ला किमान शिक्षा नाही, त्यामुळे 'भोगलेली पुरे' ही मागणी करता येते.

ज्युनिअर_ठाणे
धन्यवाद सर. आणि कबुलीचं?

रोजनामा_वाचक
बीएनएसएसचं कलम ४१६ (जुन्या सीआरपीसीचं ३७५) आडवं येतं: मॅजिस्ट्रेटपुढे कबुली असेल तर अपील फक्त शिक्षेचं प्रमाण आणि वैधता यांवर. पण आधी रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) वाचा. दोषारोप कुठल्या भाषेत समजावला? दुभाषा होता का? वकील हजर होता का? नुसतं 'गुन्हा कबूल' असा शिक्का आणि खाली अंगठा असेल, तर ती कबुलीच वैध नाही असा मुद्दा घ्या आणि फेरचौकशी (खटला पुन्हा चालवणं) मागा.

मागण्यापूर्वी हिशेब करा. सेट-ऑफ (निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा, कलम ४६८) धरून चार-पाच महिनेच उरले असतील तर फेरचौकशीत तो कच्चा कैदी म्हणून त्याहून जास्त काळ अडकेल. तिथे शिक्षाकपातच मागावी.

केस परत गेली तर परकीय नागरिक कायद्याच्या कलम ९ चा मुद्दा येईल. परकीय नसल्याचा भार आरोपीवर असतो खरा, पण मोहम्मद रहीम अली खटल्यात (२०२४) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आधी सरकारकडे संशयाला काहीतरी ठोस आधार हवा. तुमच्या केसमध्ये मात्र जुना डिपोर्टेशनचा कागद आहे, आणि तोच सरकारचा आधार ठरणार. म्हणून तो कागद याच माणसाचा आहे हे सिद्ध झालंय का ते बघा: बोटांचे ठसे जुळवले आहेत, की फक्त नाव? नाव-बापाचं नाव सारखं असणारे शेकडो निघतात. पोलिसांपुढचा 'मी पुन्हा आलो' हा जबाब पुराव्यात चालत नाही.

आपल्याकडे 'डिपोर्ट झाल्यावर परत येणं' असा वेगळा गुन्हा या कायद्यात नाही. अमेरिकेत आहे: साधी शिक्षा २ वर्षांपर्यंत, आधीचा गंभीर गुन्हा असेल तर २० पर्यंत. तिथले निवाडे इथे लावू नका, कोर्ट वैतागतं.

कोर्टनाका
एक राहिलं. सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू आहे. अटक मे महिन्यातली, म्हणजे दोषारोप जुन्याच कलमाखाली हवा. टायपिस्टने नवं कलम घुसवलं नाही ना, निकालपत्रात बघा.

शिक्षा स्थगितीचा अर्ज (कलम ४३०) अपिलासोबतच द्या. जामीनदार मिळणं हीच खरी अडचण. आणि अपील प्रलंबित असल्याचं पत्र जेल अधीक्षकांना लगेच पोचवा. शिक्षा संपली की डिपोर्टेशनची प्रक्रिया सुरू होते आणि अशील सीमेपलीकडे गेल्यावर सूचना घ्यायला माणूस उरत नाही. वकालतनामा आत्ताच जेलरकडून साक्षांकित करून घ्या, दोन प्रती.